एक रविवार, दोन विजेते
अमेरिकेच्या पीजीए या गोल्फ टूरचा मुख्य हंगाम ज्या ‘टूर चॅम्पियनशिप’ने संपतो, ती १९८७ साली सॅन अँटोनियोत सुरू झाली, पहिला मान टॉम वॉटसनचा. २००४पासून ती अटलांटाच्या ईस्ट लेक मैदानावरच भरते. २००७मध्ये वर्षभराच्या गुणांवरचा फेडेक्स कप तिला जोडला गेला आणि घोळ सुरू झाला. २०१८मध्ये स्पर्धा जिंकली टायगर वुड्सने. अठराव्या होलवर प्रेक्षकांची गर्दी त्याच्यामागे फेअरवेवर उतरली. कप मात्र नेला जस्टिन रोझने! म्हणून २०१९पासून गुणांत अव्वल असलेल्याला उणे दहापासून, म्हणजे दहा फटके कमी धरून, सुरुवात करता येऊ लागली. हिशेब सुटला, पण खेळाची गंमत गेली. २०२५मध्ये हा नियम मोडीत निघाला. पात्र ठरलेले तीसही खेळाडू शून्यापासून खेळले आणि टॉमी फ्लीटवुडने पीजीए टूरवरचं पहिलंवहिलं विजेतेपद इथेच पटकावलं.