किशोरवयीन मुलांचे मानसिक व भावनिक आरोग्य : "काय नाय" म्हणतो तेव्हा काय असतं?



आपल्याकडे कोणत्याही मुलाला विचारा, "काय झाला रे?" उत्तर ठरलेलं असतं, "काय नाय." गुडघा फुटला तर तोच मुलगा अख्ख्या शाळेला जखम दाखवत फिरतो. मनाला लागलं की मात्र "काय नाय". आजच्या पाठात या "काय नाय"च्या आत काय असतं ते समजून घेऊया. लेख सातवी ते दहावीच्या मुलांसाठी आहे, पण आईबाबांनीही वाचावा. मधला थोडा भाग त्यांच्यासाठीच लिहिला आहे.

आधी अर्थ बघू. मानसिक आरोग्य म्हणजे फक्त "आजार नसणे" नव्हे. रोजची कामं जमणं, अभ्यासात लक्ष लागणं, माणसांशी जुळवून घेता येणं, अडचण आली तर डळमळून पुन्हा उभं राहता येणं, हे सगळं त्यात येतं. भावनिक आरोग्य हा त्याचाच एक भाग. आपल्याला आत्ता राग आलाय, भीती वाटतेय की लाज वाटतेय हे ओळखता येणं आणि कोणाला इजा न करता ते सांगता येणं. सतत आनंदी राहणं असा याचा अर्थ मुळीच नाही. आजी गेली तर रडू येणारच. 

जागतिक आरोग्य संघटना 10 ते 19 वर्षं या वयाला किशोरवय म्हणते. जगात या वयातल्या दर सात मुलांमागे एकाला काही ना काही मानसिक त्रास असतो, असा तिचा अंदाज आहे. 28 मुलांचा वर्ग धरला तर हिशोब चार मुलांवर येतो. आता तुमच्या वर्गातले चेहरे डोळ्यांसमोर आणा. ते चार कोण, हे तुम्हाला सांगता येणार नाही. मलाही येत नाही.

या वयातच असं का होतं?

मेंदूत अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग आहे. भीती, राग, धोका यांची घंटा तो वाजवतो. कपाळामागचा भाग विचार करून निर्णय घ्यायला, स्वतःला आवरायला मदत करतो. किशोरवयात हार्मोन्समुळे भावनांचा जोर वाढतो, पण कपाळामागचा भाग पूर्ण तयार व्हायला साधारण पंचविशी उजाडते. होडीला नवं दणकट इंजिन बसवलं आणि सुकाणूचं काम अजून चालूच आहे, असं समजा. म्हणून आईच्या एका शब्दावर ताट सरकवून उठणारा मुलगा अर्ध्या तासाने स्वतःच विचार करतो, मी असं का केलं? तो वाईट नाही. त्याचं सुकाणू अजून बसतंय. (हे कारण मात्र घरी सबब म्हणून वापरायचं नाही हं!)

झोपेचंही तसंच. झोप आणणारं मेलाटोनिन या वयात रात्री उशिरा तयार होतं. 13 ते 18 वर्षांच्या मुलांना रोज 8 ते 10 तास झोप लागते. मुलं बारापर्यंत मोबाईल बघतात आणि सहाची एसटी पकडायला पाचला उठतात. मग पहिल्या तासाला चिडचिड झाली, तर त्यात नवल काय? मोबाईलला शिव्या घालणारे लेख पुष्कळ आहेत, मी आणखी एक लिहीत नाही. एवढंच करा, रात्री मोबाईल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा.

निकाल नावाची लाट

आता आपल्या जिल्ह्याचं बोलू. दहावीच्या निकालात कोकण विभाग दरवर्षी वरती असतो आणि त्याचा आपल्याला अभिमान आहे. 2024 ला राज्याचा निकाल 95.81 टक्के आणि कोकणचा 99.01. 2025 ला राज्याचा 94.10 आणि कोकणचा 98.82. पेपरात पेढे भरवतानाचे फोटो येतात.

या आकड्यांकडे जरा उलट्या बाजूने बघा. 2025 मध्ये राज्यात शंभरातली जवळजवळ सहा मुलं नापास झाली, कोकणात एखाद-दुसरं. म्हणजे आपल्याकडे जो नापास होतो, तो एकटाच होतो. दुसरीकडे त्याला सोबती असतात, इथे वाडीत तोच एक. 52 टक्के मिळवणाऱ्याचंही तेच. त्याने प्रामाणिकपणे मिळवलेले 52 कोणाला सांगायचे? समोरून लगेच येतं, "शेजारच्या झिलान पंच्याण्णव टक्के पाडल्यान, तुका काय झाला?" या एका वाक्याने मुलं किती दिवस जेवत नाहीत, ते मी बघितलंय.

पालकांनो, हा तुमचा भाग. निकालाच्या दिवशी मुलगा घरी आल्यावर पहिलं वाक्य टक्क्यांचं नको. आधी "जेवलंस?" विचारा. नापास झाला तरी जून-जुलैमध्ये पुरवणी परीक्षा असते. एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीवर अकरावीला प्रवेशही मिळू शकतो. हे निकालानंतर सांगण्यापेक्षा परीक्षेच्या आधीच घरात बोलून ठेवा. "राहिलास तरी आपण पुढे काय ते बघू" हे ऐकलेला मुलगा अभ्यास सोडत नाही, उलट त्याची भीती कमी होते.

आणखी एक. आपल्याकडे बऱ्याच घरांत बाबा मुंबईला. चतुर्थीला आणि मे महिन्यात भेट. मच्छीमारांच्या घरात जून-जुलैची बंदी आली की पैशांची ओढाताण, आणि मोठ्यांचं बोलणं मुलांच्या कानावर पडतंच. "तुका काय कळता त्यातला" असं म्हणून मुलांचं समजणं थांबत नाही. मे 2021 ला तौक्ते वादळ आलं, कौलं उडाली, माड पडले, कित्येक दिवस वीज नव्हती. पुढच्या पावसाळ्यात वाऱ्याचा आवाज वाढला की माझ्या वर्गातला एक मुलगा गुपचूप दप्तर आवरायला लागायचा. तो काही बोलला नाही. त्याचे हात बोलत होते.

"रत्नागिरीक धाडूक होया!"

ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारची प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. त्यातलं आपल्याला जवळचं रत्नागिरीचं. म्हणून कोणी जरा वेगळं वागला की आपण पटकन म्हणतो, "ह्येका रत्नागिरीक धाडूक होया." गंमत म्हणून म्हणतो. पण ज्याला खरंच त्रास होतोय तो हे ऐकतो आणि ठरवतो की आपलं कोणाला सांगायचं नाही. दात दुखला तर दाताच्या डॉक्टरकडे जातो, तिथे कोणी हसत नाही. घरच्यांनी देवाला गाऱ्हाणं घातलं, दृष्ट काढली, त्यालाही माझी हरकत नाही, त्याने मनाला धीर येतो. मात्र त्याबरोबर डॉक्टरही हवा.

हे शहाणपण मला आधीपासून होतं असं नाही. काही वर्षांपूर्वी सातवीतली एक मुलगी रोज दुसऱ्या तासाला पोट दुखतं म्हणून डोकं टेकून बसायची. एके दिवशी वैतागून मी सगळ्यांसमोर म्हटलं, "नाटकं बंद कर." त्यानंतर तिने पोट दुखतं असं कधीच सांगितलं नाही. मला वाटलं, बघा, बरी झाली! महिन्याभराने तिची आजी भेटली तेव्हा कळलं की घरात रात्रभर भांडणं चालायची आणि पोर झोपतच नव्हती. डीएडला बालमानसशास्त्राचा पेपर मी चांगल्या मार्कांनी पास झाले होते. मनाचा ताण पोटदुखी, डोकेदुखी होऊन बाहेर येतो, हे त्यात लिहिलेलं होतं. मी तिची माफी मागितली, पण ती उशिरा.

विचार तपासून बघा

अल्बर्ट एलिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1955 च्या सुमारास एक पद्धत मांडली. त्याचं म्हणणं असं की घटना आणि भावना यांच्या मध्ये आपला विचार बसलेला असतो. उदाहरण घेऊ. मैत्रिणीला मेसेज केला, निळ्या टिका दिसल्या, उत्तर नाही. "ती मला टाळतेय" हा विचार आला की रडू येतं. "ती आईला कामात मदत करत असेल" हा विचार आला तर काहीच वाटत नाही. घटना एकच. म्हणून फार वाईट वाटेल तेव्हा वहीच्या पानावर तीन गोष्टी लिहा. काय झालं, मी त्यावर काय विचार केला, मला काय वाटलं. मधल्या ओळीला विचारा, याला पुरावा काय? दरवेळी जमत नाही. मला तर निम्म्या वेळाही जमत नाही. आणि घरात खरोखरच मारहाण होत असेल, कोणी नको तसा स्पर्श करत असेल, तर तिथे विचार बदलायचा नसतो. तिथे मोठ्या विश्वासाच्या माणसाला सांगायचं किंवा 1098 ला फोन करायचा.

मदत कधी घ्यायची?

दोन दिवस उदास वाटलं तर घाबरू नका. पण दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप-भूक बिघडली असेल, आवडता क्रिकेट किंवा दशावतारही नकोसा झाला असेल, मित्रांना टाळावंसं वाटत असेल, तर सांगायची वेळ आली आहे. आणि "आपण नसतो तर बरं झालं असतं" असा विचार एकदा जरी आला, तरी दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी सांगायचं. मित्राने तुम्हाला असं सांगितलं आणि "कोणाक सांगू नको" अशी शपथ घातली, तर ती शपथ मोडायची. त्याला एकटं न ठेवता मोठ्यांना बोलवायचं.

सांगायचं कसं, हीच खरी अडचण असते. मोठं भाषण नको. "बाई, मला तुमच्याशी पाच मिनिटं बोलायचंय" एवढं पुरे. घरी, "आई, माका हल्ली बरा वाटत नाय, ताप नाय पण बरा वाटत नाय." बोलता येत नसेल तर चिठ्ठी लिहा. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी 'मैत्री' क्लिनिक असतात. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयातही चौकशी करता येईल. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी सेवेत असे उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे आणि ती माहिती गुप्त ठेवायची असते.

आणि फोनवरच बोलायचं असेल तर 14416. ही केंद्र सरकारची टेली-मानस सेवा, ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झाली. दिवसरात्र चालू, पैसे लागत नाहीत. भाषा निवडता येते, मराठी आहे. पलीकडे प्रशिक्षित समुपदेशक असतो, गरज पडली तर तो पुढे डॉक्टरांशी जोडून देतो. काय बोलायचं ते आधी ठरवावं लागत नाही.

आमच्या वर्गाच्या दाराच्या मागच्या बाजूला हा नंबर खडूने लिहिलेला असतो. पावसाळ्यात ओल आली की पुसला जातो, आणि दोन-चार दिवसांत कोणीतरी परत लिहितं. कोण, ते मी विचारलेलं नाही.