योग दिनाची दहा वर्षे आणि जुन्नर-आंबेगावचे गुडघे

२१ जून २०२५ ला आंतरराष्ट्रीय योग दिनाला दहा वर्षे झाली. या दहा वर्षांत जुन्नर-आंबेगावातल्या शाळांच्या मैदानांवर सतरंज्या अंथरल्या गेल्या, फोटो निघाले. ज्यांचे गुडघे खरोखर धरले आहेत त्या बाया मात्र त्या सकाळी भाताच्या रोपांत नाहीतर टोमॅटोच्या सरीत होत्या. आधीचा काळ थोडक्यात आटोपतो. १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यात कैवल्यधाम काढून योग प्रयोगशाळेत नेला, १९७५ मध्ये अय्यंगार गुरुजींची संस्था पुण्यात उभी राहिली, आणि १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने भिगवणला खेड्यातली सांधेदुखी मोजायला घेतली. उपाय आणि दुखण्याचा हिशेब, दोन्ही पुणे जिल्ह्यातच होते. २०१५ नंतर त्यांची गाठ पडायला हवी होती. ती पडली नाही, याचा राग येतो.

राग अशासाठी, की अशा व्यायामाने गुडघ्यांना फायदा होतो याचा पुरावा याच दशकात वाढत गेला. २०१६ मध्ये अमेरिकेत गुडघ्याची झीज असलेल्या २०४ जणांवरच्या चाचणीत ताई ची, म्हणजे श्वासाकडे लक्ष ठेवून संथपणे करायचा चिनी व्यायाम, बारा आठवड्यांत फिजिओथेरपीइतकाच गुणकारी ठरला. २०१९ मध्ये रॉटरडॅमच्या चौदाशेहून अधिक लोकांच्या तपासणीत आढळले, की ज्यांच्या आतड्यात स्ट्रेप्टोकॉकस गटाचे जिवाणू जास्त, त्यांचे गुडघेही जास्त दुखतात. आतड्याचे अस्तर कमकुवत झाले, की जिवाणूंचे अंश रक्तात उतरतात आणि सांध्यातला दाह धुमसत राहतो, असा यामागचा तर्क आहे. पण मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो इलिनॉयचा २०१८ चा छोटा प्रयोग. सहा आठवडे नियमित व्यायाम केल्यावर आतड्याच्या अस्तराला पोसणारे ब्युटिरेट तयार करणारे जिवाणू वाढले, आणि व्यायाम सोडल्यावर पुढच्या सहा आठवड्यांत ही कमाई बहुतांशी ओसरली. सहा आठवड्यांची कमाई जिथे टिकत नाही, तिथे वर्षातल्या एका सकाळीने काय साधणार? आपल्याकडे तर या काळात उलटीच वाट धरली गेली. ‘वंगण संपलंय’ म्हणत मेडिकलमधून सुटी आणलेली वेदनाशामक गोळी रोज घेतली, तर ती पोटाचे आणि आतड्याचे अस्तरच दुखावते. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला नाचणी-वरईची जागा रेशनच्या तांदळाने घेतली, आणि या जिवाणूंचे खाद्य असलेला कोंडा ताटातून गेला.

दिवसभर राबणाऱ्या बाईला व्यायाम कशाला, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. लावणीला ती कमरेत वाकून चिखलातून मागे सरकते, कांदा काटताना तासन्‌तास उकिडवी बसते, भरलेला क्रेट डोक्यावर घेऊन बांध ओलांडते. यात गुडघ्यावर भार पडतो, पण त्याला सांभाळणारे मांडीचे स्नायू नेमके मजबूत होतात असे नाही, आणि श्वासाला उसंत तर नाहीच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: जिवाणूंचा पुरावा अजून कोवळा आहे. खरे आहे. रॉटरडॅमने संबंध दाखवला, कारण नव्हे. इलिनॉयचा व्यायाम योगासनांचा नव्हता आणि लठ्ठ माणसांत त्याचा परिणाम कमी दिसला. झिजलेली कूर्चा योगाने परत येते असेही कोणी सांगू नये. पण आतड्याची बाजू उद्या खोटी ठरली, तरी संथ, नियमित व्यायामाने दुखणे कमी होते एवढा लाभ उरतोच. २०१७ मध्ये कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर सरकारने मर्यादा घातली, हे चांगलेच झाले. मात्र गोळी आणि शस्त्रक्रिया यांच्या मधली सगळी वर्षे मोकळी राहिली.

ती भरायला फार काही लागत नाही. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या कामांत योग आहेच. घोडेगाव, ओतूर, मंचरच्या आसपास आठवड्यातून दोनदा, शेतातली कामे उरकल्यावर, खुर्ची आणि भिंतीच्या आधाराने करायच्या आसनांचा वर्ग धरा. दुखऱ्या गुडघ्यांना वज्रासनात बसवू नका. आणि पुढच्या २१ जूनला किती लोक जमले ते मोजण्याऐवजी, किती बाया बारा आठवडे टिकल्या ते मोजा.