शेजाऱ्यांचे सण आणि आपली श्रद्धा



भंडारा जिल्ह्यात, पवनी तालुक्यातील आसगावच्या परिसरात दिवाळी सरली की गावोगावी मंडई भरते. घरोघरी पाहुणे येतात, दंडार व नाटके रंगतात. त्याआधी पोळ्याला बैल सजतात, तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी बैल मिरवतात, दसऱ्याला आपट्याचे ‘सोने’ वाटले जाते. अशा वातावरणात राहणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबापुढे दरवर्षी एक प्रश्न उभा राहतो: हिंदू व शीख बांधवांच्या सणांत आपण कुठवर सहभागी व्हावे? दूर राहिलो तर शेजार दुखावतो. सर्वच विधी केले तर सद्सद्विवेक बोचतो.

ख्रिस्तसभेची भूमिका या बाबतीत स्पष्ट आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या ‘नोस्त्रा एताते’ या २८ ऑक्टोबर १९६५ च्या घोषणापत्रानुसार, अन्य धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारीत नाही. पोप दुसरे जॉन पॉल ७ नोव्हेंबर १९९९ रोजी, ऐन दिवाळीत, नवी दिल्ली येथे विविध धर्मांच्या प्रतिनिधींना भेटले. व्हॅटिकनमधून हिंदू बांधवांना दिवाळीचा शुभसंदेशही दरवर्षी पाठविला जातो.

तथापि आनंदात सहभाग आणि उपासनेत सहभाग यांत भेद आहे. २७ ऑक्टोबर १९८६ रोजी असिसी येथे अनेक धर्मांचे प्रतिनिधी शांततेसाठी जमले; पण प्रत्येकाने आपापल्या परंपरेनुसार प्रार्थना केली. हाच विवेक आपणही बाळगावा. बैल सजवावेत, फराळाला जावे, सोने द्यावे-घ्यावे, मंडईच्या कामाला हातभार लावावा. पूजाविधी चालू असता मात्र आदराने, शांतपणे उभे राहावे. स्वतः पूजा करू नये.

प्रसादाविषयी काय? संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात, आठव्या ते दहाव्या अध्यायांत, याचा ऊहापोह केला आहे. उपासनेच्या मेजावर भागीदार होणे वेगळे आणि शेजाऱ्याने घरी बोलावून वाढलेले अन्न खाणे वेगळे. या अन्नाबाबतही आपल्यामुळे दुर्बळ बंधूची श्रद्धा डळमळणार असेल, तर प्रेमापोटी संयम राखावा.

गुरुद्वारात जाताना डोके झाकावे, पादत्राणे काढावीत आणि लंगरच्या पंगतीत निःसंकोच बसावे. तेथे जात, धर्म वा श्रीमंती विचारली जात नाही. गुरू ग्रंथसाहिबात आपल्या संत नामदेवांची पदे समाविष्ट आहेत. म्हणून मराठी माणसाला ते दार परके नाही.

नाताळात आपला गोठा पाहावयास येणारा हिंदू शेजारी करंजी आवडीने खातो. पण मिस्सेत ख्रिस्तशरीर स्वीकारीत नाही. म्हणून तो आपल्याला परका वाटतो काय? मुळीच नाही. तोच मान त्याच्या अंगणात आपल्यालाही मिळेल, असा विश्वास बाळगू या. पालकांनी हा भेद मुलांना सणाआधीच प्रेमाने समजावून सांगावा. ज्याला आपली श्रद्धा ठाऊक आहे, त्याला शेजाऱ्याच्या दिव्याचे भय वाटत नाही.