दुसऱ्या हाताचा हिशेब

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा भूमिका-खेळ 1974 साली बाजारात आला, तेव्हा खंजीर असो की दुहाती तलवार, जखम किती हे एकच सहापैलू फासा ठरवायचा. पुढच्याच वर्षी ‘ग्रेहॉक’ या पुरवणीने हत्यारागणिक फासे वेगळे केले आणि ‘ब्लॅकमूर’ने रिकाम्या हातांनी लढणारा मंक आणला. तेव्हापासून पन्नास वर्षं या खेळांचे नियमकर्ते दोन प्रश्नांशी झटत आहेत: हातात काहीच नसेल तर काय, आणि दोन्ही हातांत हत्यार असेल तर काय? उत्तरं जवळपास दर आवृत्तीला बदलली. ती का टिकली नाहीत, याचं मूळ कारण माझ्या मते एकच आहे. नियमांनी दुसऱ्या हाताची किंमत जखमेच्या आकड्यात मोजली. खऱ्या लढाईत ती किंमत जागा ठरवते. याचा पुरावा शोधायला लांब जायला नको, कर्जत-खालापूरचे डोंगर पुरेसे आहेत.

आधी नियमांचा प्रवास पाहू. 1979 च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’मध्ये दुसऱ्या हातात फक्त खंजीर किंवा हातकुऱ्हाड चालायची. वार लागतो का हे ठरवणाऱ्या मुख्य हाताच्या फेकीतून 2 वजा, दुसऱ्या हाताच्या फेकीतून 4 वजा. पात्र चपळ असेल तर त्यात सूट. हा हिशेब निदान सुटसुटीत होता. बिनहत्यारी लढाईला मात्र ठोसे, पकड आणि अंगावर झेप घेऊन पाडणं असे तीन वेगळे प्रकार दिले आणि प्रत्येकासोबत टक्केवारीचं गणित. 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीत तर आधी फासा पडायचा आणि कोणता पेच लागला हे मग कोष्टक सांगायचं; म्हणजे पेच निवडण्याचा हक्क पैलवानाकडे राहिलाच नाही. त्याच आवृत्तीत रेंजर या रानात वावरणाऱ्या योद्ध्याला हलक्या चिलखतात दोन हत्यारं विनादंड मिळाली. 2000 साली काटा उलटीकडे गेला: तालीम नसेल तर मुख्य हाताला 6 आणि दुसऱ्याला 10 चा दंड, आणि तो कमी करायला एकेक ‘फीट’, म्हणजे पात्राला मिळणारं खास कसब, खर्च करायची. पकडीसाठी आधी स्पर्श साधायचा, मग बळाची फेक करायची, आणि तालीम नसेल तर सुरुवातीलाच शत्रूचा फुकटचा वार सोसायचा. या सगळ्या उलथापालथीत एक गृहीत जागचं हललं नाही, ते म्हणजे दुसरं हत्यार म्हणजे जादा वार. बचावासाठी ते वापरायचं तर 2003 च्या सुधारित आवृत्तीत वेगळी फीट घ्यावी लागे आणि हाती लागे फक्त 1 गुण. त्याउलट 1978 च्या ‘रूनक्वेस्ट’ या दुसऱ्या खेळाने दुसऱ्या हाताने मारायचं की अडवायचं, ही निवड खेळणाऱ्यावर सोपवली होती. तो धागा मुख्य प्रवाहाने उचलला नाही.

आता मराठी मुलखातली हत्यारं या नियमांना लावून पाहू. दांडपट्ट्याची मूठ कोपरापर्यंत हात झाकते आणि मनगट जखडून टाकते. त्यामुळे वार खांद्यातून, अंग फिरवून होतो. एका हाती पट्टा आणि दुसऱ्या हाती ढाल, तलवार किंवा दुसरा पट्टा घेतलेला माणूस मोकळ्या मैदानात भोवतीच्या अनेकांना लांब ठेवतो. इथे दुसऱ्या हाताची कमाई जादा जखम नसून शत्रूने टाळलेली जागा आहे. हाच पट्टेबाज कर्जत तालुक्यातल्या कोथळीगडावर नेला तर? पेठ गावाच्या डोक्यावरच्या त्या सुळक्याच्या पोटात कोरलेला जिना आहे. तिथे पट्टा फिरवायला वाव नाही. तिथे आखूड कट्यार आणि रिकामा हात यांची जोडी भारी पडेल, कारण वरच्या पायरीवरून दिलेला एक धक्का तलवारीच्या वारापेक्षा जास्त काम करेल. खालापूर तालुक्यातली उंबरखिंड हेच मोठ्या प्रमाणावर सांगते. 2 फेब्रुवारी 1661 रोजी शायिस्ताखानाचा सरदार कारतलबखान रायबागन या मुघलांकडच्या स्त्री-सरदारासह घाट उतरून चावणीजवळच्या या खिंडीत शिरला. परमानंदाच्या ‘शिवभारता’त या लढाईचं वर्णन आहे. पुढची आणि मागची वाट अडवलेली, दोन्ही अंगांना रान, त्यात दबा धरलेले मराठे. शस्त्रं आणि माणसं भरपूर असूनही खानाला रायबागनच्या सल्ल्याने शरण जावं लागलं आणि खंडणी भरून बाहेर पडावं लागलं.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे: हा खेळ आहे, इतिहासाचा धडा नव्हे, ड्रॅगन असलेल्या जगात पट्ट्याचं वास्तव कशाला? पण नियमकर्त्यांनी दर वेळी बदलाचं समर्थन वास्तवापेक्षा समतोलाच्या नावाने केलं, तरी समतोलही साधला नाही. दोन तलवारी एका आवृत्तीत फुकट ठरल्या, दुसरीत महाग. जागा बदलली की किंमत बदलते, मग एकच कायमचा आकडा कुठे ना कुठे चुकणारच. दुसरा आक्षेप वेगाचा: जागेचा विचार म्हणजे पुन्हा कोष्टकं. तसं होण्याची गरज नाही. 2014 च्या पाचव्या आवृत्तीत अनुकूलता असेल तर दोन वीसपैलू फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा, प्रतिकूलता असेल तर छोटा, एवढीच सोय आहे. जिन्यात पट्टेबाजाला प्रतिकूलता, धक्का देणाऱ्याला अनुकूलता, असा निवाडा खेळ चालवणारा डंजन मास्टर एका वाक्यात देऊ शकतो.

2024 चं नियमपुस्तक अर्धी वाट चाललं आहे. त्यात बिनहत्यारी प्रहाराला इजा, पकड आणि धक्का असे तीन पर्याय आहेत, आणि त्यातला कोणता हे खेळणारा आधी ठरवतो. 1989 ने हिरावलेला पेच पैलवानाला परत मिळाला. दोन हत्यारांचा नियम मात्र अजून जादा वाराभोवतीच फिरतो. रिकाम्या हाताला दिलेली निवडच हत्यार धरलेल्या दुसऱ्या हातालाही मिळायला हवी: मारणं, अडवणं किंवा शत्रूला लांब ठेवणं. त्यातलं काय साधेल हे मैदान, जिना आणि खिंड पाहून ठरावं. पन्नास वर्षांचे बदलते आकडे पाहता, हा निर्णय फाशापेक्षा खेळणाऱ्याकडे आणि डंजन मास्टरकडे सोपवणं जास्त शहाणपणाचं आहे.