आधी पाणी बघा, मग रंग

डाळ शिजायला वेळ लागतो, बादलीच्या काठाला पांढरा थर धरतो. बीड जिल्ह्यात बोअरवर भागवणाऱ्या घरांना जड पाण्याची ही लक्षणं रोजचीच. त्यातूनच एक समजूत पक्की झाली आहे की, असल्या पाण्यात रंगीत मासे जगत नाहीत. मग टाकीत आरओचं पाणी ओतलं जातं.

खरं तर मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल आणि गप्पी यांना क्षारांचं पाणीच मानवतं. निव्वळ आरओच्या पाण्यात मॉली पंख आखडून एकाच जागी डुलत राहते. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून आरोग्य विभाग हौदांत, डबक्यांत जो गप्पी सोडतो, त्याच जातीतून दुकानातले झुपकेदार शेपटीचे गप्पी निपजले आहेत. आपल्या पाण्याला चालणारा रंगीत मासा इथे केव्हाचाच आहे!

अडचण येते ती निऑन टेट्रा आणि डिस्कसची. दोघंही मूळचे ॲमेझॉन खोऱ्यातल्या मऊ, आम्लधर्मी पाण्यातले. हौदांत पैदास झालेले निऑन थोडं जड पाणी सोसतात, पण नवशिक्यानं त्यांच्यापासून सुरुवात करू नये. डिस्कसचा तर विचारही नको.

गोल्डफिश सगळ्यांत सोपा, हाही गैरसमजच. तो कार्पच्या कुळातला, थंड पाण्याचा मासा. नीट वाढला तर वीतभर होतो आणि घाणही खूप करतो. काचेच्या गोल भांड्यात, तेही बीडच्या उन्हाळ्यात, त्याचे हाल होतात. ‘काच साफ करणारा’ म्हणून दिला जाणारा सकर मासा फूटभराच्या वर जातो. शेवाळ खातो हे खरं, पण तुमचं टाकी धुण्याचं काम तो वाचवत नाही. उलट त्याची विष्ठा वाढते. मोठा झाला म्हणून त्याला बिंदुसरेत किंवा मांजरेत सोडणं तर कटाक्षानं टाळावं. परदेशातून आलेला हा मासा देशातल्या कितीतरी नद्या-तलावांत असाच पसरला आहे.

रंग जितका भडक तितका मासा निरोगी, असंही नाही. विडो टेट्रा मुळात चंदेरी-काळा. गुलाबी किंवा निळा दिसला तर तो रंग बहुधा माणसानं चढवलेला असतो. असा मासा घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तीन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच टाकीत काठोकाठ साधारण 100 लिटर पाणी मावतं. त्यात सहा प्लॅटी, चार मॉली आणि सहा झेब्रा डॅनिओ छान खेळतात. नारिंगी, काळा आणि निळे पट्टे, एवढे रंग पुरेसे होतात. प्लॅटी-मॉलीत एका नराला दोन माद्या ठेवा. पिल्लं नको असतील तर नुसते नर घ्या.

हे सगळे एकाच दिवशी मात्र आणू नका. पाणी नितळ दिसलं म्हणजे टाकी तयार झाली, ही सर्वांत महागात पडणारी समजूत आहे. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग कमी घातक नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर दोन-तीनच मासे ठेवा आणि दर आठवड्याला पाव पाणी बदला. नळाचं पाणी क्लोरीन उडावं म्हणून दिवसभर उघडं ठेवा. फिल्टरचा स्पंज नळाखाली न धुता टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळा, नाहीतर जिवाणू धुऊन जातात.

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेला की पाणी तापतं आणि त्यातला ऑक्सिजन घटतो. अशात लाईट गेली तर बॅटरीवरचा एअर पंप हाताशी हवा. बर्फ थेट टाकू नका, गोठवलेली बंद बाटली तरंगत ठेवा. नवी टाकी मांडायची असेल तर पाऊस पडून हवा निवेपर्यंत थांबा.