पायलट व्हायचंय? अभ्यास आधी सुरू करा

परवा शेजारच्या बारावीतल्या मुलीने विचारलं, "काका, पायलटचा अभ्यास फ्लाइंग सुरू झाल्यावर करू का?" मी ग्राउंड क्लासला नेव्हिगेशन शिकवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

नाही, आधीच करा. कमर्शियल पायलट लायसन्ससाठी 200 तासांचं उड्डाण लागतं, शिवाय डीजीसीएचे (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे) पेपर: नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्स, टेक्निकल. पास व्हायला 70 टक्के. गोंदिया, बारामतीच्या फ्लाइंग स्कूलमध्ये रोज विमानात बसायला लागलात की जाड पुस्तकं उघडायला जिवावर येतं.

बरीच मुलं प्रश्नसंच पाठ करतात. मला ते अजिबात पटत नाही. गणितं हाताने सोडवा.

'वन इन सिक्स्टी'चा नियम बघा. 60 नॉटिकल मैलांवर विमान 1 मैल बाजूला गेलं, तर दिशा साधारण 1 अंशाने चुकली.

समजा 30 मैल गेलात आणि 2 मैल उजवीकडे सरकलात. चूक 4 अंशांची. पण डावीकडे 4 अंशच वळलात तर ठरलेल्या मार्गाला फक्त समांतर जाल! मुक्काम अजून 60 मैल दूर असेल, तर आणखी 2 अंश हवेत. एकूण 6. कॉकपिटमध्ये हे तोंडी जमायला हवं, आणि सरावाने जमतं.

आणि हो, लाखोंची फी भरण्याआधी क्लास वन मेडिकल करून घ्या. डोळ्यांच्या, विशेषतः रंग ओळखण्याच्या तक्रारी तिथेच कळतात.

कुठला विषय अवघड वाटतोय? बिनधास्त विचारा, उदाहरणासकट सांगेन.