वेबरचनेची मधली इयत्ता

वेबपान तयार करायला शिकणाऱ्या मुलाची पहिल्या पंधरा दिवसांची प्रगती पाहून घरचे लोक चकित होतात. मथळा मोठा दिसतो, फोटो चढतो, पार्श्वभूमी निळी होते, एका शब्दावर बोट ठेवले की दुसरे पान उघडते. नंतर मात्र गाडी अडते. पडद्यावरचा पाठ पाहताना सारे काही समजते, आणि पाठ बंद करून कोरे पान समोर घेतले की हात चालत नाही. महाविद्यालयात माझ्याकडे अशी मुले दरवर्षी येतात. त्यांचा प्रश्न ठरलेला असतो : ‘सर, आता पुढे काय शिकू?’

या प्रश्नाला जाहिराती तत्काळ उत्तर देतात. सहा महिन्यांचा वर्ग, अमुक हजार रुपये फी, नोकरीची हमी. शेतकऱ्याच्या घरातून एवढी रक्कम बाहेर पडते तेव्हा ती कशातून पडते हे तुम्हांला सांगायला नको. म्हणून मधल्या इयत्तेत खरोखर शिकायचे असते काय, आणि ते घरबसल्या, फुकट कसे शिकता येते, हे आज जरा उलगडून पाहू.

आधी शब्दांचा खुलासा. कोणत्याही दुकानाला दर्शनी भाग असतो आणि मागे कोठार असते. वेबस्थळाचेही तसेच आहे. आपल्या फोनवर जे दिसते, ज्याला बोट लावता येते, ते फ्रंट-एन्ड. हिशेब, नोंदी, परवलीचे शब्द सांभाळणारे मागचे कोठार ते बॅक-एन्ड. आपण आज दर्शनी भागापुरतेच बोलत आहोत.

हा भाग तीन भाषांवर उभा आहे. टिम बर्नर्स-ली या इंग्रज शास्त्रज्ञाने १९८९ साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत वेबची कल्पना मांडली आणि पानातील मजकूर कसा नोंदवायचा यासाठी एच.टी.एम.एल. ही पद्धत तयार केली. मजकूर आणि त्याची सजावट वेगळी ठेवावी, या हेतूने होकोन व्ह्युम ली यांनी १९९४ मध्ये सी.एस.एस.ची सूचना केली. १९९५ मध्ये ब्रेन्डन आइक यांनी जावास्क्रिप्ट रचली, तीही म्हणे दहा दिवसांत. पानात काय आहे, ते कसे दिसावे, आणि बोट लावल्यावर काय घडावे, अशी ही तिघांची कामाची वाटणी आहे. पहिल्या इयत्तेत मुलगा या तिन्हींची अक्षरओळख करून घेतो. मधल्या इयत्तेत त्याला एक नवा माणूस विचारात घ्यावा लागतो : ते पान उघडणारा. त्याचा फोन लहान असेल, रेंज कमी असेल, डोळे अधू असतील, वाचायची भाषा मराठी असेल. त्याच्या हातात आपले पान टिकते का, हे तपासायला येऊ लागले म्हणजे विद्यार्थी मधल्या इयत्तेत बसला असे समजावे.

एक उदाहरण घेऊ. शाळेने शिष्यवृत्तीच्या सूचनेचे पान केले आहे. शाळेतल्या संगणकावर ते नेटके दिसते. पालक फोनवर उघडतात तेव्हा मात्र ते डावीउजवीकडे सरकते आणि अर्जाची शेवटची तारीख पडद्याबाहेर राहते. हे का घडते?

पानावरची प्रत्येक गोष्ट, मग ती ओळ असो की चित्र, ब्राउझर एक चौकोन म्हणून मांडतो. या चौकोनाची रचना आपल्या घरासारखी असते. मधे राहायची खोली, म्हणजे मजकूर. खोलीभोवती मोकळी पडवी, तिला पॅडिंग म्हणतात. मग भिंत, ती बॉर्डर. आणि भिंतीबाहेर शेजाऱ्यापासून सोडलेले अंगण, ते मार्जिन. आता पुष्कळ साध्या अँड्रॉइड फोनची रुंदी सी.एस.एस.च्या मापाने ३६० पिक्सेल असते. सूचनेच्या चौकोनाला ‘रुंदी शंभर टक्के’ असे सांगितले आणि दोन्ही बाजूंना २० पिक्सेलची पडवी दिली, तर सी.एस.एस. मूळच्या नियमाने ती रुंदी फक्त खोलीची धरते. खोली ३६० आणि पडव्या ४०, बेरीज ४००. फोन ३६०चा. उरलेले ४० पिक्सेल पडद्याबाहेर जाणारच! यावर उपाय एका ओळीचा आहे. बॉक्स-सायझिंग या गुणधर्माला बॉर्डर-बॉक्स हे मूल्य दिले की सांगितलेल्या रुंदीत पडवी आणि भिंत दोन्ही धरली जातात. ओळ पाठ करणे सोपे आहे. पण ही बेरीज ज्याने एकदा कागदावर मांडली, त्याला पुढे असे दहा घोटाळे स्वतःचे स्वतः सोडवता येतात.

दुसरी गोष्ट, पानाच्या शिरोभागात व्ह्यूपोर्टची ओळ हवी. ती नसली तर फोन पान सुमारे ९८० पिक्सेल रुंद आहे असे धरून चालतो आणि सगळे आकसून मुंगीएवढे करतो. लोक मग दोन बोटांनी ताणून वाचतात.

पडद्यानुसार बदलणाऱ्या या मांडणीला रिस्पॉन्सिव्ह रचना असे नाव इथन मार्कोट यांनी २०१०च्या एका लेखात दिले. तेव्हा ती साधायला पुष्कळ आकडेमोड करावी लागे. आज सी.एस.एस.मध्ये दोन चांगली साधने आहेत. फ्लेक्सबॉक्स म्हणजे पंगत : एका ओळीत पाने मांडायची, कुणाला किती जागा, मधे अंतर किती, जागा संपली तर दुसरी पंगत बसवायची की नाही, एवढे सांगितले की झाले. ग्रिड म्हणजे शेतातले वाफे, आडवे आणि उभे दोन्ही. ग्रिड २०१७ पासून प्रमुख ब्राउझरांत चालू लागली. तिला सांगता येते की प्रत्येक वाफा निदान २२० पिक्सेलचा असावा, मधे १६ पिक्सेलचा बांध असावा, आणि बसतील तेवढे वाफे पाड. मग ३६०च्या फोनवर एक वाफा पडतो, ८००च्या टॅबलेटवर तीन आणि १२००च्या संगणकावर पाच. तीन वेगळ्या मांडण्या लिहाव्या लागत नाहीत. हे आकडे गणिताच्या तासाला मुलांकडून करून घेण्याजोगे आहेत.

सी.एस.एस.मध्ये मुलांना सर्वांत जास्त छळणारी गोष्ट म्हणजे लिहिलेला हुकूम न पाळला जाणे. रंग लाल लिहिला, दिसतो निळा. एकाच चौकोनाला दोन हुकूम आले की कोणाचा चालायचा, याची उतरंड ठरलेली आहे. सगळ्या परिच्छेदांना मिळून दिलेला हुकूम सर्वांत खाली, क्लासला दिलेला त्याच्या वर, आणि एका विशिष्ट आयडीला दिलेला त्याहून वर. सारख्या अधिकाराचे दोन असले तर मागून आलेला चालतो. तलाठी, तहसीलदार, कलेक्टर ही पायरी ज्याला ठाऊक आहे त्याला हे अवघड जाऊ नये. ‘इम्पॉर्टन्ट’ नावाचा एक शेरा मारून कोणताही हुकूम वर चढवता येतो, पण तो वशिला आहे. एकदा लावला की पुढच्यालाही लावावा लागतो.

आता वजनाचा प्रश्न. फोनने काढलेला फोटो सहज ४ मेगाबाइटचा असतो. सेकंदाला १ मेगाबिट एवढीच रेंज असलेल्या वाडीवर तो उतरायला ३२ सेकंद लागतात, कारण एका बाइटमध्ये ८ बिट असतात. तोच फोटो पडद्याच्या रुंदीएवढा लहान करून, वेबपी किंवा जेपेग प्रकारात शंभर किलोबाइटच्या आत बसवला तर एका सेकंदात दिसतो. हे करायला पैसे लागत नाहीत, पण शिकवण्यांतून हा भाग गाळला जातो, कारण शिकवणाऱ्याच्या खोलीत रेंज चांगली असते.

यापुढचा भाग परदेशी पाठांत सापडणार नाही. मराठी मजकुराच्या काही गरजा निराळ्या आहेत. देवनागरीला वर वेलांट्या आणि रफार, खाली उकार, त्यामुळे इंग्रजीसाठी ठरवलेले दोन ओळींतील अंतर आपल्याला अपुरे पडते. लाइन-हाइट साधारण दीडपट ते पावणेदोनपट ठेवावी. मथळा ऐसपैस दिसावा म्हणून इंग्रजीत अक्षरांमध्ये अंतर वाढवतात. आपल्याकडे तसे केले की शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. टंक म्हणाल तर मुंबईच्या एक टाइप या मंडळींचा ‘मुक्त’ आणि गूगलचा ‘नोटो सान्स देवनागरी’ हे दोन्ही विनामूल्य आहेत.

आणखी एक मौज सांगतो. अर्जात वय विचारले आणि पालकाने देवनागरी कळफलकावरून ‘१२’ लिहिले, तर जावास्क्रिप्टचे संख्या ओळखणारे साधन उत्तर देते : ही संख्याच नव्हे! तिला फक्त इंग्रजी अंक कळतात. अर्ज करणारा बिचारा पुन्हा पुन्हा ‘१२’ लिहितो आणि पान पुन्हा पुन्हा त्याला चूक ठरवते. देवनागरी अंक आधी बदलून घेणारी चार ओळींची सोय विद्यार्थ्याने स्वतः लिहावी. इतका चांगला स्वाध्याय मला दुसरा माहीत नाही.

ज्यांना दिसत नाही अशी माणसेही फोन वापरतात, पान वाचून दाखवणाऱ्या साधनाच्या मदतीने. एन.व्ही.डी.ए. हे असेच एक फुकट साधन संगणकासाठी आहे. मायकेल करन आणि जेम्स टेह या ऑस्ट्रेलियातील दोन अंध तरुणांनी त्याची उभारणी केली. पानाची भाषा मराठी आहे अशी नोंद एच.टी.एम.एल.च्या पहिल्या खुणेत केली, तर असे साधन मराठी आवाज निवडू शकते. नाही केली, तर आपली सूचना इंग्रजी वळणाने वाचली जाण्याचा धोका राहतो. बटण हे बटणाच्याच खुणेने लिहावे. साध्या चौकोनाला रंग देऊन बटणाचे सोंग दिले तर डोळस फसतो, साधन फसत नाही. ते त्याला बटण म्हणतच नाही. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरे ही तर हल्लीची साथच आहे. नेहमीच्या आकाराच्या मजकुराला पार्श्वभूमीशी निदान साडेचारास एक एवढा उजेडाचा फरक हवा, असा मान्य संकेत आहे. उन्हात, बांधावर उभे राहून फोन पाहणाऱ्याला तो संकेत वाचल्यावाचून पटेल.

हे सारे शिकावे कुठे? मोझिलाच्या पुढाकाराने चालणारे एम.डी.एन. हे संदर्भस्थळ मी पहिले सांगेन. तिन्ही भाषांतील बारीकसारीक गोष्टीही तिथे अचूक सापडतात. क्रमवार अभ्यास आणि स्वाध्याय हवे असतील तर २०१४ साली सुरू झालेले फ्रीकोडकॅम्प आहे. त्याचे प्रमाणपत्रही विनामूल्य मिळते. हे बहुतेक इंग्रजीत आहे, ही अडचण खरी. पण ते इंग्रजी कादंबरीचे नव्हे. दोन-अडीचशे शब्द पुन्हा पुन्हा येतात, आणि ते वहीत उतरवून अर्थ लिहिला की महिन्याभरात भीड चेपते. इथे इंग्रजीच्या शिक्षकाने अर्धा तास दिला तर मुलाचे सहा महिने वाचतील. आय.आय.टी. मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मुक्त सॉफ्टवेअरचे छोटे छोटे पाठ आहेत, त्यांतले पुष्कळ मराठीतून ऐकता येतात. त्यांचाही आधार घ्यावा.

पाठ पाहण्याची रीत मात्र बदलली पाहिजे. शिक्षक टाइप करतो आणि मुलगा त्याच्यामागून टाइप करतो, हे शुद्धलेखन झाले. पाठ एकदा पाहावा, बंद करावा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तेच पान न पाहता करावे. अडेल तिथेच पाठ उघडावा. पान बिघडले तर संगणकावर एफ-१२ ही कळ दाबावी. ब्राउझर आपले पोट उघडून दाखवतो : कोणता चौकोन किती रुंद आहे, कोणता हुकूम कोणी खोडला, कोणता फोटो किती वजनाचा. तिथेच फोनची रुंदी आणि मंद रेंज यांचे नाटकही वठवता येते. हल्ली प्रश्न विचारला की यंत्रच सगळा कोड लिहून देते. त्याला कोड मागण्यापेक्षा आपला चुकलेला कोड दाखवून कारण विचारावे, आणि सांगितलेले कारण एफ-१२ मध्ये पडताळून पाहावे. यंत्रही आत्मविश्वासाने चुकीचे सांगते.

रिॲक्टसारख्या चौकटी शिकण्याची मुलांना फार घाई असते. तीन मूळ भाषांत एखादे पान न अडखळता करता येईपर्यंत त्या दूर ठेवाव्या, असे माझे मत आहे. आणि एक स्पष्ट सांगितले पाहिजे : नुसत्या फोनवर हा अभ्यास फार पुढे जात नाही. कळफलक लागतो. जुना संगणकही चालतो. शाळेच्या संगणकखोलीची किल्ली संध्याकाळी दोन तास कोणा जबाबदार शिक्षकाकडे राहिली, तर गावातल्या चार मुलांची सोय होते.

विषय शोधायला लांब जायला नको. शाळेचे वेळापत्रक, एस.टी.च्या वेळा, दूध संस्थेच्या सूचना, ग्रंथालयातील पुस्तकांची यादी, यांतले एक घ्यावे. गिटहब पेजेस या सोयीने असे पान फुकट जगापुढे ठेवता येते. मात्र कोणाचे खाजगी नंबर किंवा पत्ते त्यात घालू नयेत. पान चढवले की त्याचा पत्ता गावातल्या सर्वांत जुन्या फोनवर उघडावा, फोनच्या मालकाच्या हातात द्यावा आणि त्याला एक काम सांगावे : अमुक गाडी किती वाजता आहे, ते शोधून सांगा. तो शोधत असताना आपण मधे बोलू नये. त्याचे बोट कुठे थांबले, एवढे वहीत टिपून घ्यावे.